सत्तर शब्दांची भाषा: चारुआ

फुटबॉल बघणाऱ्यांनी हा शब्द नक्की ऐकला असणार. उरुग्वेची मॅच असली की कॉमेंटेटर एकदा तरी 'गार्रा चारुआ' म्हणतोच. गार्रा म्हणजे पंजा, नखं. चारुआ पंजा म्हणजे हरत आलो तरी न सोडणारी जात, अशा अर्थाने. 1950 ला माराकाना स्टेडियममध्ये ब्राझीलला त्यांच्याच घरात 2-1 ने हरवलं त्याची गोष्ट सांगताना तर हा शब्द हमखास येतो. जेमतेम 35 लाख लोकांचा देश आणि दोन वर्ल्ड कप, त्यामुळे अभिमान असणारच, त्यात चूक काही नाही.

पण ज्या चारुआ लोकांच्या नावाने हे सगळं चाललंय त्यांची भाषा आज कोणी बोलत नाही, आणि ती कशी होती याचा लेखी पुरावा किती, तर सत्तरच्या आसपास शब्द आणि दोनचार वाक्यांचे तुकडे. एवढंच. आमच्या घरची महिन्याच्या वाणसामानाची यादी यापेक्षा थोडीशीच छोटी असते. मग एवढ्याशा यादीवरून भाषेबद्दल काय कळू शकतं? मला आधी वाटायचं काहीच नाही. आता वाटतं बरंच कळतं, फक्त ती यादी डिक्शनरीसारखी वाचायची नाही, कोणीतरी कोणाला तरी प्रश्न विचारतंय आणि समोरचा उत्तर देतोय असं समजून वाचायची.

आधी माणसं. चारुआ हे आजचा उरुग्वे, अर्जेंटिनाचा एन्त्रे रिओस प्रांत आणि ब्राझीलचा दक्षिण कोपरा या गवताळ पट्ट्यात फिरणारे शिकारी लोक. स्पॅनिश लोकांनी घोडे आणले आणि चारुआ थोड्याच काळात पक्के घोडेस्वार झाले. मिशनऱ्यांच्या वसाहतीत ते फारसे कधी राहिले नाहीत, आणि इथेच भाषेच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट झाली. शेजारचे ग्वारानी लोक जेझुइट वसाहतींमध्ये राहिले, तर पाद्र्यांना त्यांना धर्म शिकवायचा होता म्हणून पाद्री त्यांची भाषा शिकले, आणि 1639-40 मध्ये ग्वारानीचा कोश आणि व्याकरण माद्रिदला छापूनसुद्धा झालं. (त्याच 1640 साली, त्याच जेझुइट संघाने, आपल्याकडे गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं कोकणीचं व्याकरण छापलं. कारण तेच, धर्म शिकवायचा तर भाषा यायला हवी.) चारुआ त्यांच्या हाताला लागले नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला ना व्याकरण आलं ना कोश. मोकळं राहण्याची किंमत अशीही असू शकते हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग 1830 ला उरुग्वे हा स्वतंत्र देश म्हणून राज्यघटनेसकट उभा राहिला आणि पहिला राष्ट्राध्यक्ष झाला फ्रुक्तुओसो रिवेरा. जमीनदारांना गुरं चारायला मोकळी कुरणं हवी होती आणि त्या कुरणांवर चारुआ होते. 11 एप्रिल 1831 ला साल्सिपुएदेस नावाच्या ओढ्यापाशी त्यांना बोलावून घेतलं आणि सैन्याने हल्ला केला. सरकारी आकडा चाळीसेक मेले, तीनशेच्या आसपास पकडले. ओढ्याच्या नावाचा अर्थ बघा, 'निघता येत असेल तर नीघ'. हे नाव आधीपासूनचं आहे, पण वाचताना अंगावर काटा येतो. पकडलेल्यांना, त्यात बायका आणि मुलंच जास्त, माँतेव्हिदेओपर्यंत चालवत नेलं आणि तिथल्या घरांमध्ये नोकर म्हणून वाटून टाकलं. वाटून टाकलं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, वेगवेगळ्या घरात, आई एका घरी मुलगा दुसऱ्या घरी. भाषा मारायला याहून वेगळं काही करावं लागत नाही, बोलायला समोर कोणी नसलं की झालं.

चार जणांना तर 1833 मध्ये एक फ्रेंच माणूस पॅरिसला घेऊन गेला, तिकीट लावून दाखवायला. वाइमाका पेरू हा सरदार, सेनाके हा वैदू, ताकुआबे हा तरुण आणि गुयुनुसा नावाची गरोदर बाई. विद्वान लोक आले, त्यांची मापं घेतली, प्लास्टरचे साचे काढले. दोघे पुरुष काही महिन्यांत गेले. गुयुनुसाला तिथेच मूल झालं आणि पुढच्या वर्षी ती लियाँमध्ये क्षयाने गेली. ताकुआबे आणि ते बाळ पुढे कुठे गेले याचा माग लागत नाही. वाइमाकाचे अवशेष 2002 मध्ये उरुग्वेला परत आले, म्हणजे जवळजवळ 170 वर्षांनी.

पण आपल्याकडे जी यादी आहे ती पॅरिसची नाही. ती माँतेव्हिदेओच्या एका डॉक्टरची.

तेओदोरो विलार्देबो हे त्याचं नाव. पेशाने डॉक्टर आणि हौस सगळ्याची, जीवाश्म, प्राणी, इतिहास. 1838 मध्ये त्याने एका मित्राबरोबर जमिनीतून ग्लिप्टोडॉन या महाकाय कवचवाल्या प्राण्याचे अवशेष काढले होते, असा माणूस. (1857 ला माँतेव्हिदेओत पिवळ्या तापाची साथ आली त्यात तो गेला.) 1841-42 च्या सुमारास त्याने चारुआंबद्दल टिपणं काढायला घेतली. म्हणजे साल्सिपुएदेसला दहा वर्षं झाली होती आणि बोलणारी माणसं शहरातच होती, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात. त्याने दोघांकडून शब्द घेतले. एक बेनितो सिल्वा नावाचा सैनिक, जो काही महिने चारुआंमध्ये राहिला होता. आणि दुसरी एक चारुआ बाई, मानुएल आरियास नावाच्या गृहस्थांच्या घरी कामाला असलेली. मालकाचं नाव लिहिलंय, सैनिकाचं नाव लिहिलंय. तिचं नाही. ती टिपणं कागदांमध्ये पडून राहिली आणि शब्दांची यादी छापून लोकांसमोर आली ती थेट 1937 मध्ये.

दक्षिण अमेरिकेच्या त्या टोकाकडच्या याद्यांची सुरुवातच अशी आहे. 1520 मध्ये मॅगेलनची जहाजं पातागोनियाच्या किनाऱ्यावर थांबली तेव्हा त्यांनी तिथल्या दोन माणसांना फसवून बेड्या घातल्या, आणि त्यातल्या एकाजवळ बसून पिगाफेत्ता नावाच्या इटालियन प्रवाशाने नव्वदेक शब्द लिहून घेतले. पिगाफेत्ता सांगतो की तो माणूस आधी खायचं कंदमूळ मागत होता, पाणी मागत होता, ते शब्द मी लिहिले, मग हातात लेखणी दिसली की मला काय हवंय ते त्याला कळायला लागलं. तो माणूस प्रवासातच मेला. शब्द सांगणारा उठून जाऊ शकत नव्हता, हे जहाजातही तसंच आणि आरियासांच्या घरातही बरंचसं तसंच. म्हणून म्हटलं, यादी वाचताना आधी विचारायचं की कोण कोणाला सांगतंय.

आता यादीकडे. पहिली भानगड स्पेलिंगची. विलार्देबोचा कान स्पॅनिश, अक्षरं स्पॅनिश. जो आवाज स्पॅनिशमध्ये नाही तो त्याला एकतर ऐकूच येणार नाही किंवा जवळच्या आवाजात ढकलला जाईल. आपलंच उदाहरण घ्या. 'चार गाईंना चारा घाल' या वाक्यात दोन वेगळे च आहेत, आपण रोज बोलतो आणि लिहिताना एकच अक्षर लिहितो, म्हणजे आपल्या स्वतःच्या लिपीतसुद्धा तो फरक पडत नाही. मग परक्याने ऐकून लिहिलं तर काय उरणार? ळ चं काय झालं ते परळचं परेल झालं त्यावरून दिसतंच आहे. चारुआच्या यादीत 'हात' या अर्थाचा शब्द ग्वार असा वाचता येईल असा लिहिलाय आणि पाण्याचा शब्द उए असा. पण जुन्या स्पॅनिशमध्ये 'व' सारखा, ओठ गोल करून काढलेला आवाज लिहायला स्वतंत्र अक्षरच नव्हतं, मग लोक कधी जी-यू लिहायचे कधी एच-यू. म्हणजे हात हा ग्वार पण असू शकतो आणि नुसता वारपण, आणि पाणी उए नसून वे असू शकतं, आणि कागदावर वेगळ्या दिसणाऱ्या या दोन शब्दांची सुरुवात बोलताना एकाच आवाजाने होत असेल. मी खाली जे शब्द देवनागरीत देतोय ते त्यामुळे सगळे अंदाजाने, स्पॅनिश वाचनावरून आहेत, चारुआ माणसाने ऐकले तर बहुतेक हसेल.

दुसरी भानगड बोट दाखवण्याची. तुम्ही एखाद्याच्या डोळ्याकडे बोट दाखवून 'याला काय म्हणतात' विचारलं तर तो 'डोळा' म्हणेल, 'माझा डोळा' म्हणेल, 'पापणी' म्हणेल किंवा 'काढ ते बोट' पण म्हणेल. जगातल्या अनेक भाषांमध्ये अवयवाचं नाव मालकाशिवाय घेताच येत नाही, नुसता 'डोळा' असा शब्द नसतोच, कोणाचा तरी डोळाच असतो. आता यादीत बघा, डोळा इहोऊ, कान इमाऊ, नाक इबार. तिन्हींच्या सुरुवातीला इ. हा इ म्हणजे 'माझा' किंवा 'त्याचा' असा काही तुकडा असेल का, अशी शंका कोणालाही येईल. पण तोंड एह आहे, पाय आतित आहे, हात ग्वार, त्यांच्यात इ नाही. तीन शब्दांवरून व्याकरण उभं करायचं नाही, हे या धंद्यातलं पथ्य आहे आणि सगळ्यात जास्त मोडलं जाणारं पण तेच.

कान इमाऊ वरून एक गंमत. खेचराला यादीत मौतिब्ला म्हटलंय. खेचर हा प्राणी स्पॅनिश लोकांबरोबर आलेला, चारुआंना त्याचं नाव नव्याने बनवावं लागलं असणार. त्यात तो 'मौ' दिसतोय ना? खेचर बघितल्यावर पहिलं लक्ष कुठे जातं, कानांकडे. हा माझा अंदाज आहे, सिद्ध कसा करणार, पुढचं 'तिब्ला' म्हणजे काय ते सांगणारं यादीत काही नाही.

जिथे अंदाज सोडून हातात खरंच काही लागतं ती जागा म्हणजे आकडे. एक यू, दोन साम, तीन देती, चार बेतुम. इथपर्यंत चार सुटे शब्द. मग पाच: बेतुम यू. सहा: बेतुम साम. सात: बेतुम देती. दिसलं? चार-एक, चार-दोन, चार-तीन. म्हणजे ही माणसं पाचाच्या पायावर मोजत नव्हती, चाराच्या पायावर मोजत होती. आपण बोटं धरून मोजतो म्हणून पाच आणि दहा आपल्याला 'नैसर्गिक' वाटतात, पण आपल्याकडेही अंगठ्याने त्याच हाताच्या चार बोटांवर मोजणारी माणसं आहेतच की, तसं धरलं तर एका हातावर चार येतात. चारुआ तसंच मोजायचे असं मी म्हणत नाहीये, पण चार हा आकडा काही आकाशातून पडत नाही एवढंच. आणि आठ? तर्काने बेतुम बेतुम यायला हवं, पण आहे बेतुम अर्रासाम. त्यात साम आहे, म्हणजे दोन आहे. तर मग हे 'चार अधिक चार' नसून 'चार दोनदा' असणार, बे चोक आठ! बेरीज करत करत आलेला माणूस आठला पोचल्यावर गुणाकार करतो. मग तो 'अर्रा' म्हणजे 'दा, वेळा' असं काहीतरी असेल. एका नाव नसलेल्या बाईने किंवा एका सैनिकाने दहा आकडे सांगितले आणि त्यातून एका भाषेत बेरीज कशी होते आणि गुणाकार कसा होतो याची झलक मिळाली, मला तरी हे भारी वाटतं. दहा आहे ग्वारोह, आणि हात ग्वार होता हे आठवत असेलच. नऊचं थोडं थांबून सांगतो.

आकडे खरे आहेत का, नुसतेच पाठ केलेले नाहीत ना, हे तपासायची सोय पण यादीतच आहे. चारुआंचं मुख्य हत्यार बोलास. चामड्याच्या दोऱ्यांना दगडाचे गोळे बांधलेले, डोक्यावर गरगर फिरवून प्राण्याच्या पायांवर फेकायचे की दोऱ्या गुंडाळल्या जातात आणि प्राणी खाली. दोन गोळ्यांचं बोलास असतं आणि तीन गोळ्यांचं पण. यादीत ती दोन्ही आहेत: लाइसाम आणि लाइदेती. साम दोन, देती तीन. म्हणजे लाइ हा बोलास किंवा गोळा, आणि आकडा नामाच्या मागे येतो, आपल्यासारखा पुढे नाही. 'दोन गोळे' नाही, 'गोळे दोन'. आणि बोलासने पाडलेल्यासाठी जो शब्द दिलाय, बाबुलाइ, त्याच्याही शेवटी लाइ आहे. तीन शब्द एकमेकांना साक्ष देतात, डिटेक्टिव्हच्या कामासारखं आहे हे.

वाक्यं मात्र हातावर मोजण्याएवढीच आणि त्यात एक गोष्ट मला सारखी टोचते. एक आहे बास्कुआदे, 'उठा'. एक आंदो दियाबुन, 'चला झोपायला'. एक मिसियाहालाना, 'गप्प राहा, हलू नको'. सगळ्या आज्ञा. असं का? सैनिकाच्या कानावर छावणीत हेच पडलं असेल, उठा, झोपा, हलू नका. किंवा घरात लहान मुलं असतील आणि बाई त्यांना असं बोलत असेल. 'मला आठवतं' किंवा 'तो मेला' किंवा 'आम्ही तिकडून आलो' हे चारुआत कसं म्हणायचं ते कोणीच विचारलं नाही, आणि आता ते कायमचं गेलं. भूतकाळ कसा करायचे, नाही कसं म्हणायचे, प्रश्न कसा विचारायचे, यातलं काही सत्तर नामांमधून निघत नाही. नामं बोट दाखवून मिळतात, क्रियापदांसाठी गप्पा माराव्या लागतात.

मग पुढचा मार्ग म्हणजे नातेवाईक शोधायचे. मराठीतला एखादा जुना शब्द कळला नाही तर आपण गुजराती, हिंदी, कोकणीत बघतो तसंच. चारुआचे दोन नातेवाईक कागदावर सापडतात. एक ग्वेनोआ, तिचा फक्त ख्रिस्ती प्रश्नोत्तरांचा एक तुकडा उरलाय, 1787 मध्ये छापलेला. दुसरी चाना, आणि तिचं नशीब जरा बरं. 1815 मध्ये दामासो आंतोनियो लार्रान्यागा हा पाद्री, तोही हौशी निसर्ग-अभ्यासक, सोरियानो गावात चाना म्हाताऱ्यांना भेटला आणि भाषेचं एक छोटं व्याकरण लिहून ठेवलं. त्यात आणि चारुआत एक म्हणजे युत आणि यू, दोन म्हणजे सान आणि साम. जुळतंय. पण पाणी चानात आता आणि चारुआत उए, अजिबात जुळत नाही. नातं आहे, पण सख्खं की चुलत हे ठरवायला माल कमी पडतो. आणि हो, चानाचं 'आता' मराठीतल्या 'आत्ता' सारखं ऐकू येतं म्हणून कोणी व्हॉट्सॲपवर 'उरुग्वेमध्ये मराठी' असं फिरवू नका प्लीज. दोन भाषांत एखाददुसरा शब्द योगायोगाने सारखा निघणारच, नातं म्हणायला एकाच प्रकारचा फरक अनेक शब्दांत सारखा सारखा दिसावा लागतो.

1815 नंतर चाना संपली असं सगळे धरून चालले होते. आणि 2005 मध्ये अर्जेंटिनाच्या एन्त्रे रिओसमध्ये ब्लास हाइमे नावाचे सत्तरी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ म्हणाले, मला चाना येते, आईने शिकवली. पेपरात बातमी आली ती पेद्रो वियेगास बार्रोस या भाषाशास्त्रज्ञाने वाचली. पहिली प्रतिक्रिया काय असणार, म्हातारबाबा पुस्तक वाचून बोलत असतील. म्हणून त्याने तपासलं. हाइमेंचे शब्द लार्रान्यागाशी शंभर टक्के जुळले असते तर संशय वाढला असता, कारण तोच मग कॉपीचा पुरावा. काहीच जुळलं नसतं तर विषय संपला. झालं मधलंच: मुळं तीच, पण रूपं झिजलेली, बदललेली, जशी दोनशे वर्षांत बोलता बोलता व्हायला हवीत तशी. हाइमेंच्या घरात भाषा आणि आठवणी सांभाळणं हे बायकांचं काम, आईकडून मुलीकडे. मुली राहिल्या नाहीत म्हणून आईने ते मुलाला दिलं, आणि बाहेर बोलायचं नाही असं बजावलं. त्यामुळे त्यांनी आयुष्यभर ती भाषा कोणाशी बोललीच नाही, जे आठवत होतं ते शे-दोनशे शब्द आणि काही वाक्यं. 2013 मध्ये दोघांनी मिळून चानाचं पुस्तक काढलं, हाइमेंची मुलगी आता ती शिकवते.

याचा चारुआला फायदा काय, तर ते 'मिसियाहालाना' आठवा. विलार्देबोने ते एका दमात एकच शब्द असल्यासारखं लिहिलं होतं. ते कुठे तोडायचं हेच कोणाला माहीत नव्हतं. 2009 मध्ये वियेगास बार्रोसने फक्त या एका वाक्यावर स्वतंत्र लेख लिहिला, हाइमेंकडून मिळालेल्या चानाच्या मदतीने त्याची फोड करून. 1841 मध्ये माँतेव्हिदेओत लिहिलेलं वाक्य उलगडायला नदीपलीकडचा, दुसऱ्याच भाषेचा, दुसऱ्याच देशातला, एकशे साठेक वर्षांनंतरचा माणूस लागला.

उरुग्वेमध्ये 2009 पासून 11 एप्रिल हा चारुआ राष्ट्राचा आणि आदिवासी ओळखीचा दिवस म्हणून कायद्याने पाळला जातो. यादीतला ग्विदाई, म्हणजे चंद्र, हा शब्द तिथे मुलींचं नाव म्हणून ठेवतात. देशाचं नाव मात्र ग्वारानी, बोलायची भाषा स्पॅनिश, आणि चारुआ फुटबॉलपुरतं.

हां, नऊ. नऊ आहे बाकिऊ. बेतुम नाही, म्हणजे 'चार दोनदा अधिक एक' असं लांबलचक काही केलेलं नाही. पण शेवटचा तो 'इऊ' बघा, तो यू तर नाही, म्हणजे एक? आणि पुढचा आकडा दहा. मराठी माणसाला इथे एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस आठवल्याशिवाय राहणार नाही. एक कमी दहा! मला हे सुचलं तेव्हा खूप आनंद झाला, आणि मग लक्षात आलं की 'बाकि' म्हणजे 'कमी' असायला यादीत दुसरा एकही शब्द नाही, आणि 'बाकी' हा शब्द मराठी कानाला वजाबाकीसारखा ऐकू येतोय म्हणूनच मला ते पटतंय. आत्ताच तुम्हाला 'आता' वरून दम दिला होता. तर विलार्देबोने बाकिऊ लिहिलं, नऊ असंच का म्हणता हे विचारलं नाही, आणि पुढे ग्वारोह लिहिलं.